चावरा नव्हे, घाबरलेला

मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री दवाखाना बंद करता करता एक गृहस्थ सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. घरच्याच कुत्र्याने पोराचा हात फोडला होता. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतला का, असे विचारले तर उत्तर आले, "हळद भरली डॉक्टर. आणि कुत्र्यालाही चांगला चोपला." हळदीबद्दल मी त्यांना ऐकवलेच. जखम पुन्हा धुतली, रेबीजच्या लशीचा पहिला डोस दिला, जखमेत भरायच्या सीरमसाठी सरकारी रुग्णालयात पाठवले. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितले. आज लिहायचे आहे ते त्या चोपण्याविषयी.

झाले होते असे की, फटाक्यांनी बिचारे कुत्रे खाटेखाली थरथरत बसले होते आणि "याची भीती मोडू" म्हणून पोराने त्याला पट्ट्याला धरून बाहेर ओढले. पळायला वाट नसली की घाबरलेले जनावर दात वापरते. त्याआधी ते पुष्कळ सांगते. शेपूट पायात घेते, कान मागे पाडते, ओठ चाटते, उगीच जांभया देते. आपण वाचत नाही, एवढेच. मग मार बसतो आणि कुत्रे शिकते ते इतकेच, की फटाके आणि मालक दोघेही भयंकर.

भीती मारून जात नाही, हे माणसांच्या बाबतीत आपल्याला पटते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा, ससा लांब ठेवायचा, आणि पोर घाबरणार नाही इतक्याच बेताने थोडाथोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. कुत्र्यालाही हेच लागू पडते. दिवाळीच्या दोन महिने आधीपासून मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा आणि लगेच त्याच्या आवडीचा तुकडा द्या. ते खाईनासे झाले तर आवाज मोठा झाला असे समजा, मागे या. ऐन फटाक्यांत खिडक्या लावा, कोपऱ्यात गोधडी टाका आणि लपू द्या. जवळ घेतल्याने लाडावून भीती वाढते हा समज चुकीचा आहे. ते आपणहून आले तर खुशाल कुरवाळा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नका. (देणारे आहेत, म्हणून लिहितो.) आणि एरवी धीट असलेले कुत्रे एकाएकी बुजू लागले, तर काही दुखत असेल किंवा आजार असेल. त्याला पशुवैद्याकडे न्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटच्या इंजेक्शनाला पोरगा आला. कुत्रे आता त्याच्या हातून भाकरी खाते म्हणाला. वडिलांची चाहूल लागली की अजून खाटेखाली जाते.