गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणजे नक्की काय गेलं?

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सेकंडहँड ऑटोमॅटिक एकदम झकास. डाव्या पायाला कायमची सुट्टी! हीच गाडी दिवाळीत सोलापूरमार्गे औशाला न्यायची म्हटलं, की तिची खरी परीक्षा. तुळजापूरच्या घाटात इंजिन बोंबलतं, पण स्पीड काही वाढत नाही. उजनीला बासुंदी खाऊन पुन्हा ‘डी’ टाकला, तर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते आणि मग धक्का देऊन निघते. घरी पोचेपर्यंत काका, मामा, शेजारी सगळ्यांचं निदान तयार: गिअरबॉक्स गेला, विकून टाक.

थांबा राव! आधी गाडीत बॉक्स कोणता आहे ते बघा. ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली वेगवेगळे प्रकार आहेत आणि खर्चाचा सगळा फरक तिथेच पडतो.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आपल्याकडे रुळली ती एएमटी. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करतं. त्यामुळे घाटात वरची लक्षणं दिसली तर पहिला संशय क्लच प्लेटवर घ्या, अख्ख्या बॉक्सवर नाही. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्यांचा क्लच लवकर झिजतो. गिअरच पडत नसेल तर आधी बॅटरी तपासा. आणि नवा क्लच बसवल्यावर स्कॅनर लावून सेटिंग करून घ्या, नाहीतर नव्या क्लचनेही धक्के बसतात.

त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर. इथे सगळा खेळ तेलाच्या प्रेशरचा. डिपस्टिक असेल तर पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब घ्या. लालसर आणि स्वच्छ असेल तर टेन्शन कमी. काळपट आणि करपल्याचा वास असेल, तर आतल्या क्लच प्लेट जळतायत. लेव्हल कमी असेल तर गळती शोधा, नुसतं तेल ओतून निघू नका. थंड असताना मस्त आणि तापल्यावर स्लिप, हेही बहुतेकदा तेल आणि प्रेशरकडेच बोट दाखवतं. (लेव्हल इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, हे कंपनीगणिक बदलतं. मॅन्युअल उघडायची हीच वेळ!)

तिसरी सीव्हीटी, पट्टा आणि पुलीवाली. जोरात दाबल्यावर इंजिनचा आवाज चढून तिथेच राहणं हा तिचा स्वभाव आहे, आजार नाही. मात्र हिला तिचंच तेल लागतं. ‘सगळं एकच असतं’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

स्कॅनरवर ‘पी ०७००’ दिसलं तर लगेच खचू नका. त्याचा अर्थ एवढाच, की ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरने बिघाड नोंदवलाय. खरा कोड त्याच्या आत असतो, तो काढायला लावा. आणि धक्का बसतोय म्हणून थेट बॉक्स खोलण्याआधी इंजिनचे माउंटिंग बघून घ्या. तेवढं काम गावातला कुठलाही जाणता मेकॅनिक करतो.

आता गाडी औशात बंदच पडली आणि वीसेक किलोमीटरवर लातूरला न्यायची आहे, तर दोर बांधून ‘न्यूट्रल टाका, चला’ हा उत्साह टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या बाबतीत आवरा. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि चाकं फिरतायत म्हणून बॉक्स आत कोरडा घासतोय. पुढची चाकं इंजिनला जोडलेली असतील तर ती उचलून न्या, नाहीतर सरळ फ्लॅटबेड मागवा.