पाणी मुंबईला, पाटी आम्हाला

पावसाळा आला की आपल्याकडे दोन गोष्टी न चुकता येतात. एक, रस्त्यातले खड्डे. दुसरी, जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश : धबधबे, तलाव, धरणांकडे फिरकू नका. आधी कलम १४४ होतं, २०२४ मध्ये कायदा बदलला, आता कलम १६३. आकडा बदलला, पाटी तीच.

आधीच सांगतो, बुडाल्याच्या बातम्या मीच लिहितो. काठावर राहिलेल्या चपला ज्याने पाहिल्यात तो "बंदी उठवा" म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. माझा प्रश्न एवढाच : पावसाळ्याचे चार महिने बंदी, मग उरलेले आठ महिने तुम्ही काय करता?

आपल्या आसपास काय नाही? वज्रेश्वरी आपल्याच तालुक्यात. १७३९ ला वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडून बांधलेलं देऊळ. शेजारी अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. लोनाडची लेणी. पुढे शहापुरात तानसा, भातसा, मोडकसागर आणि माहुली किल्ला. तानसा धरण १८९२ चं! म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आपल्या डोंगरातलं पाणी आपल्या दारावरून मुंबईला जातंय. भातसाचं पाणी तर आपल्याच पांजरापूरला शुद्ध होऊन पुढे जातं. जाऊ दे, मुंबईकरही माणसंच आहेत. पण ज्या शहापूरच्या उशाला एवढी धरणं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. आणि आपल्या पोराबाळांना तलाव दाखवायचा तर साधी बसायला जागा नाही.

मागच्या हिवाळ्यात घरच्यांना घेऊन असाच एका तलावाकडे गेलो. तासाभरात परत. का? बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. आई गाडीत बसल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं रे, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायले नाही." तलाव बघायला निघालेली बाई पाणी पीत नाही! यावर वेगळं काय लिहू?

कोणी म्हणेल, फिरणं ही चैन आहे, आधी रस्ते करा. अहो, ज्याच्याकडे पैसा आहे तो लोणावळ्याला रिसॉर्ट घेतो. बारा तास मागावर उभा राहणारा कामगार पोरांना घेऊन कुठे जाणार? मॉलमध्ये? आणि घरची माणसं जिथे बसू शकत नाहीत, ती जागा बाटल्यावाल्यांची होते. मग फुटक्या काचा, मग भांडणं, मग परत तुमची पाटी.

मागणं फार मोठं नाही. पाण्यात उतरू देऊ नका, ते पिण्याचं पाणी आहे. पण परवानगी देता येईल अशा ठिकाणी काठापासून सुरक्षित अंतरावर कठडा, सावली, बाकडी, स्वच्छतागृह करा. कुंडांवर बायकांना कपडे बदलायला धड आडोसा द्या. रविवारी भिवंडी स्टँडवरून वज्रेश्वरीला जादा एसटी सोडा. आणि स्थानिक आदिवासी पोरांना पगारी जीवरक्षक नेमा. माणूस बुडाल्यावर शोधायला त्यांनाच हाक मारता ना? मग बुडण्याआधीच उभं करा की!

आणि शहरातला आपला वऱ्हाळा तलाव? शहराला पाणी त्याने दिलं, बाप्पांचं विसर्जनही त्याच्यातच केलं. त्याच्या काठावर आजी-नातवाला संध्याकाळी निवांत बसता येतं का, हे नगरसेवकांनी आपल्या आईला घेऊन जाऊन बघावं. तिला आधी पोटभर पाणी प्यायला सांगा. मग कळेल.

पटलं तर पुढे पाठवा. आणि मतं मागायला कोणी आलं, की पहिला प्रश्न हाच विचारा.