नवरा-बायकोच्या मधे बसलेले गृहखाते

परदेशी माणसाशी लग्न केलेल्या ब्रिटिश नागरिकाचा पगार वर्षाला २९,००० पौंडांपेक्षा कमी असेल, तर त्याने आपल्या देशात, आपल्या घरात, आपल्या जोडीदाराबरोबर राहू नये! ब्रिटनच्या गृहखात्याच्या नियमाची कायदेशीर वेष्टने सोलून काढली की आत एवढेच सापडते. ११ एप्रिल २०२४ पासून हा आकडा लागू आहे. त्याआधी तो १८,६०० पौंड होता, आणि तोही जुलै २०१२ मध्ये, थेरेसा मे गृहमंत्री असताना, पहिल्यांदा लादला गेला होता. ऋषी सुनक यांच्या सरकारने तो एका फटक्यात १०,४०० पौंडांनी वर नेला. डिसेंबर २०२३ मधली त्यांची घोषणा तर थेट ३८,७०० ची होती. ज्या पंतप्रधानांचे आजी-आजोबा पंजाबातले, ज्यांचे स्वतःचे लग्न बेंगळुरूत लागले, त्यांच्याच कारकिर्दीत दोन देशांत विभागलेल्या गरीब जोडप्यांवर ही कुऱ्हाड चालावी, याचा आम्हांला दुप्पट संताप येतो. पुढे सरकार बदलले. मजूर पक्ष सत्तेवर आला, त्याने पुढची वाढ थांबवली, आणि २९,००० चा धोंडा मात्र होता तिथेच ठेवला. कष्टकऱ्यांच्या नावाने मते मागणाऱ्या पक्षाने निदान हिशेब तरी करून पाहायचा होता.

तो हिशेब आम्ही करतो. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमधले कायदेशीर किमान वेतन तासाला १२.२१ पौंड ठरले. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही दिवस न चुकता राबले तर हाती येतात २३,८१० पौंड. आठवड्याला ४० तास धरले तरी २५,४०० च्या आतच. म्हणजे सरकार ज्या मजुरीला स्वतःच्या कायद्याने पुरेशी मजुरी म्हणते, त्या मजुरीवर पूर्णवेळ घाम गाळणाऱ्या माणसाला तेच सरकार सांगते की तुझी बायको तुझ्या घरी राहायची तर तुझी कमाई पुरत नाही. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंगे पुसणारी बाई, गोदामात रात्रपाळी करणारा मुलगा, शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी विधवा आई, या सगळ्यांनी प्रेम करावे, लग्न करावे, पण संसार फोनवर करावा! बायकांचे पगार पुरुषांपेक्षा कमी, तरुणांचे प्रौढांपेक्षा कमी, लँकेशरमधले लंडनपेक्षा कमी. मग हा आकडा कोणाच्या मानेवर बसतो हे सांगायला अर्थशास्त्र्याची गरज नाही. पगार नसेल तर दुसरी वाट आहे म्हणतात. ती वाट म्हणजे ८८,५०० पौंड सहा महिने बँकेत पडून असल्याचा पुरावा. इतका पैसा पडून ठेवता येणाऱ्याला पगाराची अट नडते कधी?

आणि हे सारे कशासाठी? तर म्हणे येणारा जोडीदार करदात्यांवर बोजा होऊ नये! हा युक्तिवाद आम्ही धादांत खोटा म्हणतो, कारण तो त्यांच्याच व्हिसावर खोटा ठरलेला आहे. जोडीदाराच्या व्हिसावर सार्वजनिक निधीतून मदत मिळणार नाही अशी अट आधीच छापलेली असते. त्याला बेकारभत्ता नाही, घरभाड्याची मदत नाही. सरकारी इस्पितळाचे म्हणाल तर त्यासाठी वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार व्हिसाबरोबरच आगाऊ कापून घेतात. शिवाय ती व्यक्ती तिथे गेल्यावर नोकरी करते, कर भरते, राष्ट्रीय विम्याची वर्गणीही भरते. म्हणजे एकाच इस्पितळासाठी दोनदा पैसे देते. बोजा कुठे आहे तो दाखवा! येऊ घातलेल्या जोडीदाराची मायदेशातली कमाई तर हिशेबातच धरत नाहीत. पुण्यातल्या कंपनीत भरघोस पगार घेणारी इंजिनिअर मुलगी तिच्या नवऱ्याच्या अर्जात शून्य कमाईची ठरते. सासऱ्याने ‘मी दोघांना सांभाळतो’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून दिले तरी त्या आश्वासनाने साधारणपणे तो आकडा भरून निघत नाही.

आता अर्जाबरोबर जोडाव्या लागणाऱ्या पुराव्यांच्या फाइलकडे या. कायद्याचे खरे हत्यार ती फाइल आहे.

सांगलीच्या बाजूची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा, नवरा वुल्वरहॅम्प्टनला. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झालेली, दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर माहेरचे, आधारवर तिसरेच. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे नाव मधे येते, काही घरांत तांदळाच्या ताटात पहिले नावसुद्धा बदलते. ही सगळी एकच बाई आहे, हे ज्याने मुंडावळ्या कधी पाहिल्या नाहीत अशा अधिकाऱ्याला पटवून द्यायचे. मग नाते ‘खरे आणि चालू’ असल्याचा पुरावा. त्यासाठी ती झेरॉक्सच्या दुकानात उभी राहते आणि नवऱ्याशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट छापून घेते. दुकानातला मुलगा एकेक पान मशीनमधून काढून तिच्या पुढ्यात ठेवतो, वरून नजर फिरवत. गर्भ राहिला नाही म्हणून रडल्याची रात्र त्यात आहे. सासूबद्दलची तक्रार त्यात आहे. काही ओळींवर ती काळ्या पेनाने रेघ ओढते; मग कोणीतरी सांगते की खाडाखोड दिसली तर संशय येतो, म्हणून तीच पाने पुन्हा छापते, रेघेविना. दोघांनी एकमेकांना काय म्हटले, किती वाजता फोन केला, कोणत्या महिन्यात भेटले, विमानाचे तिकीट कोणी काढले, पैसे कोणी पाठवले, हे सारे एका परक्या कारकुनाच्या टेबलावर! आपल्याकडच्या ठरवून झालेल्या लग्नांत मुलगा-मुलगी लग्नाआधी दोनदा-तीनदा भेटलेले असतात, जोडीने काढलेले फोटो कमी असतात. त्या जोडप्यांनी लग्नानंतरच्या चार दिवसांत पुराव्यासाठी फोटो काढत फिरायचे. हनिमूनला गेलेल्या पोरीच्या मनात ‘हा फोटो फाइलला चालेल का’ हा प्रश्न ज्या राजवटीने पेरला, तिने माणसाच्या घरात फार खोलवर हात घातला आहे.

तिकडे नवऱ्याची कथा वेगळी. सहा महिन्यांच्या पे-स्लिपा, आणि प्रत्येक पे-स्लिपेतला पगार त्याच आकड्याने जमा झाल्याचे दाखवणारी बँकेची स्टेटमेंटे. मालकाचे पत्र, त्यात पगार किती, नोकरी कायम की तात्पुरती, कधीपासून. २९,००० गाठायचे म्हणून त्याने जिवाचे रान करून जास्त पगाराची नवी नोकरी धरली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर! एकाच मालकाकडे सहा महिने झाले नसतील तर एक तर सहा महिने थांबा, नाहीतर मागच्या १२ महिन्यांत मिळून प्रत्यक्ष २९,००० कमावल्याचेही दाखवा. अट पूर्ण करण्यासाठी केलेला कष्टच अटीत अडकतो. शेवटचे स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांच्या आतले हवे, टीबीच्या तपासणीचा दाखला सहा महिन्यांत शिळा होतो, इंग्रजीची परीक्षा वेगळी, पदवी इंग्रजीतून असेल तर ती तशी असल्याचा तिकडच्या संस्थेचा वेगळा दाखला, तोही पैसे भरून. एक कागद हातात येईतो दुसऱ्याची मुदत सरते. वकील परवडतो त्याची फाइल नीट लागते. ज्याला परवडत नाही तो रात्रपाळीहून येऊन, डोळे चोळत, फॉर्म भरतो, आणि एका पानाच्या चुकीसाठी नकार आला तर भरलेली फी परत मिळत नाही.

फीचा आकडाही ऐका. एप्रिल २०२५ च्या दरांनी पहिल्या अर्जाला १,९३८ पौंड, ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी आरोग्य अधिभार पूर्ण तीन वर्षांचा धरून ३,१०५. मग मुदतवाढीला १,३२१ आणि पुन्हा अधिभार २,५८७. पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी ३,०२९. एकूण बारा हजार पौंडांच्या घरात, म्हणजे तेरा-चौदा लाख रुपये. एका माणसाने आपल्या बायकोबरोबर राहावे यासाठी! ही रक्कम अर्ज तपासण्याचा खर्च भागवण्यासाठी लागत नाही, हे फी ठरवणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

खोटी लग्ने होतात, हे आम्हांला कोणी शिकवू नये. परदेशातल्या नवऱ्याने हुंडा घेऊन, महिनाभर संसार करून टाकून दिलेल्या मुली महाराष्ट्रात गावोगावी आहेत, आणि त्या नराधमांविरुद्ध आम्ही याच स्तंभातून लिहिले आहे. पण पे-स्लिप त्या भामट्याला ओळखते काय? चाळीस हजार पौंड कमावणारा ठग या चाळणीतून सहज पलीकडे जातो आणि वृद्धाश्रमात राबणारा प्रामाणिक नवरा अडकतो. फसवणूक पकडायची तर फसवणुकीचा तपास करा. गरिबी हा फसवणुकीचा पुरावा नव्हे.

आणि या खात्याची परंपरा तरी केवढी थोर! जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी हीथ्रोवर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरेच अविवाहित आहे की नाही हे ठरवण्यासाठी, कौमार्यचाचणी करण्यात आली. ‘गार्डियन’ने ते उघडकीस आणले तेव्हा जगभर छी-थू झाली, आणि पुढे बाहेर आले की असे प्रकार भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही घडत होते. १९८५ मध्ये अब्दुलअझीझ, काबालेस आणि बाल्कंडाली या तीन स्त्रियांच्या खटल्यात स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने ठणकावले की पुरुषांना बायका आणता येतात आणि स्त्रियांना नवरे आणता येत नाहीत, हा भेदभाव आहे. ब्रिटनने त्यावर काय केले? स्त्रियांची वाट मोकळी करायची सोडून पुरुषांचीही वाट तितकीच अडवली, आणि त्याला समानता म्हटले! त्याच काळात ‘प्राथमिक हेतू’चा नियम होता: लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. मनातला हेतू नसल्याचा पुरावा कोण कसा देणार? आपल्या उपखंडातल्या हजारो जोडप्यांना त्या नियमाने वर्षानुवर्षे ताटातूट भोगायला लावली. १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तो रद्द केला. पंधरा वर्षांनी त्याची जागा पगाराच्या आकड्याने घेतली. शरीर तपासून झाले, मन तपासून झाले, आता खिसा तपासतात.

२०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पगाराची अट तत्त्वतः वैध ठरवली. न्यायालयाचा मान राखूनही आम्ही म्हणतो की वैध म्हणजे न्याय्य नव्हे. त्याच निकालात न्यायमूर्तींनी हेही नोंदवले की या नियमाने अनेक कुटुंबांची मोठी होरपळ झाली आहे आणि मुलांच्या हिताकडे नियमांनी हवे तसे लक्ष दिलेले नाही. इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या २०१५ च्या अहवालाने तर अशा घरांना ‘स्काइप कुटुंबे’ म्हटले: बाप पडद्यावर, मूल पडद्यासमोर. एवढे सगळे सरकारी कागदावर असताना आकडा कमी झाला नाही, वाढला!

दिल्लीलाही आम्ही मोकळे सोडणार नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. स्कॉच व्हिस्कीवरची १५० टक्के जकात आधी ७५ आणि पुढे ४० टक्क्यांवर आणायची, हे ठरले. कंपन्यांनी तात्पुरत्या पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षे दुहेरी विमा-वर्गणीतून सूट, हेही ठरले. बाटलीसाठी वाटाघाटी झाल्या, मोटारगाडीसाठी झाल्या, कंपन्यांच्या वर्गणीसाठी झाल्या. सांगलीची मुलगी आणि वुल्वरहॅम्प्टनचा तिचा नवरा एका छताखाली यावेत, यासाठी त्या टेबलावर भारताच्या बाजूने कोणी मुठी आपटल्या? पुढच्या प्रत्येक बैठकीत परराष्ट्र खात्याने हा विषय लेखी मांडावा. मागणी अगदी सरळ आहे: आकडा किमान वेतनाच्या वर जाता कामा नये, जोडीदाराची कमाई आणि कुटुंबाचा आधार हिशेबात धरावा, आरोग्य अधिभाराची दुहेरी वसुली बंद व्हावी, आणि कागदातल्या चुकीसाठी नकार देण्याआधी दुरुस्तीची एक संधी मिळावी.

आणि ब्रिटनमधल्या मराठी बांधवांनो, आता तुमच्याशी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे, आणि त्याच्या स्थापनेशी ‘केसरी’च्या न. चिं. केळकरांचे नाव जोडलेले आहे. गणपती, दिवाळी, कोजागिरी सगळे थाटात होते, स्थानिक खासदार कुर्ता घालून येतात, मोदक खातात, फोटो काढतात. तुमच्यापैकी कित्येकांच्या हातात अजून भारतीय पासपोर्ट असेल. तरीही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तिथल्या संसदेच्या निवडणुकीत तुम्हांला मताचा अधिकार आहे. नाव मतदारयादीत आहे की नाही ते आजच पाहा. मग यंदा खासदार मांडवात आले की माईक त्यांच्या हाती देण्याआधी सगळ्यांदेखत विचारा: २९,००० पौंडांच्या अटीविरुद्ध तुम्ही सभागृहात कधी बोलणार, तारीख सांगा. तारीख मिळाली तर शाल-श्रीफळ द्या. नाही मिळाली तर शाल घडी घालून परत ठेवा आणि त्याच मांडवात सह्यांचा कागद फिरवायला घ्या.