एकटीला खोली नाही

श्रीरामपुरात खोली शोधणाऱ्या मुलीला आधी भाडं परवडेल का, असं कुणी विचारत नाही. "एकटीच का?" हा पहिला प्रश्न. "घरचं कोण येणार बोलायला?" हा दुसरा.

वैजापूरकडच्या एका गावातून इथे दवाखान्यात नोकरीला आलेली मुलगी आमच्या बैठकीला आली होती. पगार बेताचा, पाळी कधी रात्रीची. चार घरं पालथी घातली, सगळीकडे एकच उत्तर, "दोघी-तिघी असाल तर बघू." तिने विचारलं, कुणी सोबतीण शोधू की एकटीच राहू? आणि आपण बायांच्या चळवळीतल्या बाया काय म्हणालो? "दोघी राहा गं. लोकही बोलत नाहीत."

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

सोबत हवीशी वाटणं वेगळं, सोबतीची सक्ती वेगळी. घरमालकाला दुसरी मुलगी कशाला हवी असते? पहिलीवर नजर ठेवायला. काल रात्री कोण आलं होतं, हे त्याने विचारायचं आणि हिने सांगायचं. म्हणजे सासूचं काम मैत्रिणीकडे, तेही फुकट. एकट्या पुरुषालाही कुठे कुठे खोली नाकारतात, हे खरं. पण त्याला वडिलांना घेऊन ये म्हणत नाहीत.

एकटं राहण्याचे गोडवे मला गायचे नाहीत. डिपॉझिट, गॅस, वीज सगळं एका पगारातून निघतं, आणि ताप आला तर पाणी द्यायला कुणी नसतं. मी स्वतः तीन वर्षं दोघींबरोबर राहिले; त्यातल्या एकीनेच मला संघटनेत आणलं. पण तो हिशेब राहणारीने करायचा. लोकांच्या तोंडाचा हिशेब आपण तिच्या माथी का मारतो?

आणि दोघी राहायचं ठरलंच, तर कागद कुणाच्या नावावर? बहुधा एकीच्या, नाहीतर तिच्या वडिलांच्या. तिचं लग्न ठरतं, ती जाते, आणि उरलेलीच्या हातात डिपॉझिटची पावतीही नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. हे कलम आपल्यापैकी किती जणींनी बैठकीत वाचून दाखवलंय?

नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ सालची. आता ती मिशन शक्तीखाली 'सखी निवास' या नावाने चालते. तालुक्याच्या गावांसाठी ती जरूर मागू. पण मागतानाच दार कितीला बंद होणार हेही विचारू. रात्रपाळीच्या बाईला आठला कुलूप लावणारं वसतिगृह काय कामाचं?

एक कबुलीही द्यायला हवी. "मुलगी चांगल्या घरची आहे" अशी चिठ्ठी मी संघटनेच्या कागदावर लिहून दिलेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. खोली मिळाली की बरं वाटायचं. ज्या मुलींना अशी चिठ्ठी देणारं कुणी नव्हतं, त्यांचं दार त्या चिठ्ठीने आणखी घट्ट लागलं, हे लक्षात यायला फार वेळ लागला.

त्या मुलीने अखेर एका शिक्षिकेबरोबर खोली घेतलीय. करार अजून झालेला नाही. येत्या रविवारी आम्ही तिघीजणी मालकाकडे जाणार आहोत, दोघींची नावं करारात घाला, हे सांगायला. चिठ्ठी नेणार नाही.