विश्लेषण : निर्वासितांची एकदाच केलेली तपासणी पुरेशी का नाही?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हमोंग, सोमाली, कारेन निर्वासित स्थिरावले आहेत. आल्यानंतरच्या आरोग्य तपासणीत त्यांची हिपॅटायटिस बीची रक्तचाचणीही होते. प्रश्न त्यानंतरचा आहे.

हा विषाणू जन्मावेळी आईकडून बाळाला मिळाला, तर सुमारे ९० टक्के मुलांत संसर्ग दीर्घकालीन होतो. अनेक वर्षे त्रास जाणवत नाही. यकृत मात्र आतून खराब होत राहू शकते. औषध प्रत्येकाला लगेच लागत नाही. ते कधी सुरू करायचे, हे ठरावीक काळाने केलेल्या रक्तचाचण्यांतूनच कळते. कर्करोगाचा धोका असलेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही लागते.

नेमका हाच पाठपुरावा तुटतो. घर बदलते, विमा संपतो, दुभाषी मिळत नाही. शिवाय काही दुखत नसताना रोजगार बुडवून दवाखान्यात कोण जाणार?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. निदान झाले होते फक्त १३ टक्क्यांचे. म्हणजे निर्वासितांची चाचणी होते, हीच मोठी संधी आहे. अहवाल फायलीत बंद करून ती दवडू नये. रुग्णाच्या भाषेत पुढच्या तपासणीची आठवण, घरातल्यांची चाचणी आणि लस, एवढे झाले तरच त्या पहिल्या चाचणीला अर्थ आहे.