आयता साचा आणि आपली ओळख

कवी कुसुमाग्रज यांचा जन्मदिन, २७ फेब्रुवारी, महाराष्ट्रात मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने गावोगावच्या महाविद्यालयांच्या भिंतींवर भित्तिपत्रके लागतात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते त्यांचे उद्घाटन होते आणि आठवड्याभरात ती उतरतातही. या भित्तिपत्रकांकडे सवडीने पाहणाऱ्यास अलीकडे एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. मजकूर लिहिणारे हात वेगवेगळे असले तरी त्या सर्वांचे रूप मात्र एकच झाले आहे. मोबाइलवर आयते मिळणारे साचे, त्यांतील ठरावीक रंग, ठरावीक वेलबुट्टी आणि ठरावीक अक्षरवळण यांतून निघालेले पान मुंबईचे की करमाळ्याचे, हे खाली छापलेले नाव वाचल्याखेरीज कळत नाही.

करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक. तेथील फलाटावरचा पिवळा फलक आणि त्यावरील काळी अक्षरे इतर स्थानकांसारखीच असतात, आणि तशीच असावयास हवीत. धावत्या गाडीतील प्रवाशाला गाव ओळखता यावे, एवढेच त्या फलकाचे काम आहे. तेथे एकसारखेपणा हा गुण होय. परंतु त्याच गावातील विद्यार्थी जेव्हा स्वतःचे मनोगत लोकांपुढे मांडतो, तेव्हा त्याच्या पानाचे काम निराळे असते. ते पान लिहिणारा कोण, कोठला आणि कोणत्या दृष्टीने जगाकडे पाहणारा, हे त्याच्या रूपातूनही व्यक्त व्हावयास हवे. जेऊरच्या परिसराने उजनी जलाशयाचे पाणी पाहिले आहे, त्या पाण्याखाली गेलेली गावे पाहिली आहेत आणि त्याच पाण्यावर वाढलेला ऊसही पाहिला आहे. उन्हाळ्यात जलाशय आटला की पलीकडच्या काठाला पळसदेवचे पुरातन मंदिर उघडे पडते. थंडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. असा परिसर लाभलेल्या मुलाच्या कवितेभोवती बर्फाच्छादित शिखरे आणि वाफाळलेल्या कॉफीचा पेला यावा, यात त्याचा दोष अल्प आहे. त्याच्यासमोर जे आयते आले, ते त्याने घेतले.

पानाचे रूप ही केवळ सजावट असते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मराठी नियतकालिकांचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकुराचे दोन स्तंभ शेजारी शेजारी ठेवले होते. ती मांडणी हेच एक विधान होते. राज्यकर्त्यांची विद्या आणि लोकांची भाषा यांना एकाच पानावर बरोबरीने बसविण्याचा तो प्रयत्न होता. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले, त्याच्या शीर्षस्थानी तुकारामांचा अभंग होता. १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. ज्या समाजाला देवळाच्या दाराशी अडविले जात होते, त्याच्या पत्राने संतवाणी आपल्या मस्तकी धारण करावी, यातील अर्थ कोणाही वाचकास अग्रलेख वाचण्याआधीच कळत असे. ‘मूकनायक’च्या आरंभासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पैसा मोजका होता. परंतु शीर्षस्थानी काय असावे, हा निर्णय उसना नव्हता.

साधनांची टंचाई ही स्वतःच्या रूपाच्या आड येतेच असे नाही. १९५४ साली दिलीप चित्रे आदी तरुण कवींनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. प्रतिष्ठित मासिकांच्या गुळगुळीत पानांपुढे ते ओबडधोबडच दिसणार. तथापि प्रस्थापित अभिरुची आपल्याला मान्य नाही, हे त्या ओबडधोबडपणातूनच वाचकापर्यंत पोहोचत होते. त्याच पिढीतील अरुण कोलटकर यांनी जाहिरात क्षेत्रात दीर्घकाळ काम केले. १९७६ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या कविमित्रांनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशनसंस्था उभी केली, तेव्हा तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठे कोलटकरांनीच सजविली. पोटासाठी दुसऱ्यांच्या मालाला रूप देणाऱ्या या माणसाला, आपल्या शब्दांचे रूप परक्यावर सोपवू नये, हे नेमके ठाऊक होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित वाटेल. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये ‘संकेता’ची उपपत्ती मांडली. त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच स्वरूपाच्या कार्यासाठी. तिचे सार असे की, एखादी खूण माणसाविषयी काही सांगू शकते ती तेव्हाच, जेव्हा ती धारण करण्यास काही मोल पडते आणि ते मोल प्रत्येकास सारखे नसते. जी खूण सर्वांना फुकट मिळते, ती कोणाविषयीच काही सांगत नाही. आयत्या साच्याचे नेमके हेच झाले आहे. पूर्वी सुबक पान पाहिले की त्यामागे कोणीतरी रात्री जागवल्या आहेत, हे समजत असे. आता सुबकपणा सर्वत्र आहे, आणि म्हणूनच तो मुका आहे. येथे मोल म्हणजे रुपये नव्हेत. विचार करण्यास लागणारा वेळ, खोडलेले कागद आणि ‘हे नको, ते हवे’ असे म्हणण्याची जबाबदारी, हे ते मोल होय.

याचा अर्थ जुना काळ सोन्याचा होता, असा कोणी घेऊ नये. हस्तलिखितांच्या काळात ज्याचे अक्षर मोत्यासारखे, तोच संपादक होई. ज्याच्या घरी बोरू, शाई आणि कागद यांची चैन परवडत असे, त्याचेच अक्षर बहुधा मोत्यासारखे असे. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर फडावर जाऊन परतलेल्या मुलाचे वाकडेतिकडे अक्षर मागेच राही. आयत्या साच्याने त्या मुलाला पानावर आणले, हा त्याचा उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. वाढदिवसाच्या अभिनंदनाचे फ्लेक्स चौकाचौकांत झळकू लागले, तेव्हा सुशिक्षितांनी नाके मुरडली. परंतु ज्यांचे छायाचित्र कोठेच लागले नव्हते, अशा कित्येकांचे चेहरे त्यांमुळे प्रथमच चौकात आले. फलक रंगविणाऱ्या पेंटरच्या पोटावर मात्र त्याच वेळी पाय आला. लाभ आणि हानी यांचा हिशेब असा दुहेरी आहे.

तेव्हा प्रश्न साधन टाकून देण्याचा नाही, निवड करण्याच्या सवयीचा आहे. साच्याने मुलाला पानापर्यंत आणले. पुढचे पाऊल त्याने स्वतः टाकावे, यासाठी शाळा-महाविद्यालयांनी काय केले? भित्तिपत्रक स्पर्धेत गुण दिले जातात ते नीटनेटकेपणाला. ज्याने जलाशयातील बुडीत गावाचे चित्र कोळशाने काढले, त्याचे पान धुरकट दिसते आणि मागे पडते. ज्याने साचा उचलला, तो पहिला येतो. विद्यार्थी मूर्ख नसतात. कशाला गुण मिळतात, हे ओळखून ते वागतात. एकसारखेपणाचे पीक आपणच पेरले आहे.

उपाय खर्चिक नाही. महिन्यातून एक भित्तिपत्रक विद्यार्थ्यांच्या हाती संपूर्णपणे सोपवावे. साधन कोणतेही असो, खडू, कोळसा, संगणक वा मोबाइल, त्याला आडकाठी नसावी. अट एकच असावी : हा रंग का, हे अक्षर का, हे चित्र का, याचे उत्तर संपादक मुलांनी चार ओळींत पानाच्या तळाशी द्यावे. परीक्षकाने गुण द्यावेत ते त्या उत्तराला. ‘बरे दिसले म्हणून’ हे उत्तर पहिल्या महिन्यात येईल. दुसऱ्या महिन्यात ते द्यावयास मुलांनाच संकोच वाटेल. तिसऱ्या महिन्यात कदाचित कोणी मुलगी सांगेल की, पानाची किनार तिने आजीच्या वाकळेवरून घेतली आहे.

ज्या मुलाला आपल्या पानाचा रंग का निवडला हे सांगता येत नाही, त्याला उद्या आपला व्यवसाय, आपले मत आणि आपला प्रतिनिधी का निवडला, हेही सांगता येणार नाही. आयते साचे केवळ पानांचेच नसतात, विचारांचेही असतात. ते पुरविणारे पुष्कळ आहेत. ते नाकारण्याची सवय लावणारी जागा मात्र वर्गाबाहेरच्या भिंतीवरची ती हातभर चौकटच असू शकते. ती चौकट मुलांना मोकळी करून देण्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.