वर्गणी भरून खेळायचा खेळ

आमच्या भाचीने छत्तिसाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये रोलर डर्बी खेळायला सुरुवात केली, आणि गेले दोन महिने घरच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. चाकाचे बूट घालून बायकांनी एकमेकींना धडका द्यायच्या ह्याला खेळ म्हणतात का, इथपासून ते 'ह्याचे पैसे किती मिळतात?' इथपर्यंत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊन टाकलं: एक डॉलरही मिळत नाही, उलट दर महिन्याला वर्गणी भरावी लागते. ते वाचून नाशिकहून ताईचा लगेच फोन! म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी खेळ. कबड्डी डोळ्यांसमोर आणा. अंडाकृती ट्रॅकवर दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी. प्रत्येक संघात एकीच्या हेल्मेटवर चांदणी असते, ती जॅमर, म्हणजे आपली चढाई करणारी. फरक इतकाच, की इथे दोन्ही संघांची चढाई एकाच वेळी चालते. बाकीच्या चौघींनी आपल्या जॅमरला वाट करून द्यायची आणि त्याच दमात दुसरीची वाट अडवायची. पहिल्या खेपेला जॅमरने गर्दीतून नुसतं बाहेर पडायचं. नंतरच्या प्रत्येक फेरीत विरुद्ध संघातल्या जितक्या जणींना नियमात राहून मागे टाकेल तितके गुण. असा एक डाव, म्हणजे जॅम, जास्तीत जास्त 2 मिनिटांचा आणि अख्खा सामना 60 मिनिटांचा. खांद्याने, कमरेने धडक चालते. कोपर मारलं किंवा पाठीत धडकलं की शिक्षा म्हणून बाहेर बसायचं. आणि सगळ्यांत आधी सुटलेली जॅमर कमरेवर हात आपटून डाव हवा तेव्हा संपवू शकते. म्हणजे आपले गुण पदरात पडले की दुसरीला मिळायच्या आत दुकान बंद! ह्यात मारामारीपेक्षा डोकंच जास्त लागतं असं मला तरी वाटतं.

आता पैशांबद्दल. ह्या खेळात पैसा कधीच नव्हता असं नाही. 1935 साली शिकागोत लिओ सेल्ट्झर नावाच्या माणसाने रोलर डर्बी सुरू केली. तेव्हा ती दमछाकीची लांबलचक शर्यत होती, धक्काबुक्की नंतर आली. पुरुष आणि बायका एकाच संघात असत, बायकांना नियम तेच आणि त्यांचे गुणही तितकेच मोलाचे. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट! टीव्ही आला तशी ती घराघरात पोचली. पण धंदा सेल्ट्झर कुटुंबाचा होता. 1973 साली मुलाने, जेरी सेल्ट्झरने, तो बंद केला आणि खेळाडूंच्या हातात काही उरलं नाही. मालकाने दुकान आवरलं की नोकरांनी काय करायचं?

2001च्या सुमारास टेक्सासमधल्या ऑस्टिनला हा खेळ पुन्हा उभा राहिला. तिथेही सुरुवात एका पुरुष आयोजकाने केली, तो मधेच निघून गेला आणि बायकांनी कारभार हातात घेतला. पण मालकी मोजक्या जणींकडे राहिली, त्यावरून वाद झाला, आणि 2003 साली बऱ्याच जणी बाहेर पडून त्यांनी 'टेक्सास रोलरगर्ल्स' काढली. खेळणाऱ्यांचीच मालकी. त्यांच्याकडे उतरत्या कडांचा महागडा लाकडी ट्रॅक नव्हता, म्हणून त्या सपाट जमिनीवर खेळल्या. ह्या अडचणीतून मोठी सोय झाली. जमिनीवर दोरी टाकायची, वरून चिकटपट्टी मारायची, झाला ट्रॅक. कुठल्याही जिममध्ये मांडा, रात्री उचला. गावोगावी लीग निघाल्या त्या ह्यामुळे.

न्यूयॉर्कची 'गॉथम गर्ल्स' त्याच 2003 सालची (आता नावातलं 'गर्ल्स' गेलंय). जागेला सोन्याचा भाव असलेलं हे शहर. ब्रुकलिनमधलं 1941 सालचं 'एम्पायर' स्केटिंग रिंकसुद्धा 2007 साली बंद पडलं. तिथे ह्या बायकांनी चार भागांचे चार संघ बांधले: ब्रॉन्क्स ग्रिडलॉक, ब्रुकलिन बॉम्बशेल्स, मॅनहॅटन मेहेम आणि क्वीन्स ऑफ पेन. (भाची क्वीन्समध्येच राहते, हे शेवटचं नाव ताईला मुद्दाम सांगितलेलं नाही!) त्यांच्या निवडक संघाने 2008 साली आणि पुढे 2011 ते 2014 सलग चार वर्षं, असं पाच वेळा सर्वोच्च विजेतेपद मिळवलं. दिवसभर आपापली नोकरी करून आणि वर्गणी भरून, बरं का.

सराव घेणं, तिकिटं विकणं, प्रायोजक शोधणं ही कामंसुद्धा त्यांचीच. पंचही स्वयंसेवक. वर्गणी म्हटलं की आपल्याला गणपतीचं मंडळ आठवतं. मंडळाच्या कार्यकर्त्याला कोणी विचारतं का, तुला पगार किती? नाही ना? कारण मंडळ त्याचं असतं. मग बाईने स्वतःच्या खेळाला वर्गणी भरली की ती उधळपट्टी कशी होते?

ह्याची दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. हेल्मेट, गुडघ्याचे-कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड, दातांचा गार्ड सगळं घातलं तरी घोटे आणि गुडघे दुखावतातच. ज्या बाईला दोन पाळ्या कराव्या लागतात किंवा जिच्या मुलाला सांभाळायला कोणी नाही, तिला वर्गणीही जड आणि वेळही जड. स्वतःच्या मालकीचा खेळ ही ज्यांना सवड आहे त्यांचीच चैन होऊन बसू शकते. ह्याला उत्तर पगारी मालक आणणं नव्हे, तर आजूबाजूच्यांनी थोडा भार उचलणं, असं माझं मत आहे. मंगळवारी संध्याकाळी भाचीच्या लेकाला मी सांभाळते. पोळी-भाजी खाऊन तो झोपतो, मला काही कष्ट पडत नाहीत.

आपल्या घरातल्या किती बायकांच्या हातात अशी एखादी गोष्ट होती, जी कोणाच्या उपयोगाची नाही, कोणी सांगितलेली नाही, आणि फक्त त्यांची आहे? आईला पेटी यायची. ती कधी बंद झाली हे आम्हा बहिणींपैकी कोणालाच सांगता येत नाही.

ताई, पुढच्या वेळी इथे येशील तेव्हा सामन्याची तिकिटं काढते. उशी मात्र बरोबर घे, बाकं फार कडक असतात.